घेतलं म्हणेपर्यंत

नेरच्या बाजारात पोतं एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जातं तेव्हा एक शब्द बोलला जातो. घेणारा म्हणतो, "घेतलं." तो शब्द कानावर पडेपर्यंत देणाऱ्यानं हात सोडायचा नसतो. घेणाऱ्याचे पाय रोवले, वजन कण्यावर नीट बसलं, की मगच त्यानं तोंड उघडायचं. उगाच आधी बोलणारा खोटा, आणि शब्द न ऐकता सोडणारा त्याहून वाईट. हा कायदा कुठं लिहिलेला नाही. धावजी हमालाच्या उजव्या पायाचा अंगठा तेवढा वाकडा आहे. एका नव्या माणसानं एकदा घाई केली होती.

लखीराम पवारनं हे काम काळ्या केसांनी धरलं आणि पांढऱ्या केसांनी सोडलं. त्याच्या आज्याचा बाप बैलांवर मीठ लादून मुलूख फिरायचा. पुढे बैल गेले, बंजाऱ्यांचा तांडा नेरजवळच्या माळावर ठरला, पण ओझं घरातून गेलं नाही. बैलाच्या पाठीवरचं माणसाच्या पाठीवर आलं, इतकंच. नुसत्या जोरानं उचलणाऱ्याला लखीराम हमाल म्हणत नसे. "जोर रेड्यालेबी असते," तो म्हणायचा. "उचलणं काय पाहता? ठेवणं पाहा." त्यानं ठेवलेल्या पोत्याचा आवाज होत नसे.

असा माणूस एका ओझ्यापुढे हरला. ते ओझं त्याच्या पाठीवर येतच नव्हतं.

त्याची एकुलती एक मुलगी बबिता शाळेत जायच्या वयात अचानक वाळायला लागली. घागरा कमरेवर राहीना. सकाळी भरलेला माठ दुपारी रिकामा. तिची आई मानीबाई आधी माठ गळतो म्हणून कुंभाराला बोलली. मग एक दिवस पोर उठेचना. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. जीपमध्ये मांडीवर टाकून तिला यवतमाळला नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, पोटात जठराच्या मागं एक ग्रंथी असते, स्वादुपिंड. साखर जिरवायचं इन्शुलिन ती बनवते. हिची आता बनवत नाही. गोळीनं भागणार नाही. सुई घ्यावी लागेल, रोज, जन्मभर.

"केवढी असते ते?" लखीरामनं विचारलं.

"तळहाताएवढी. वजन लहानशा पेरूइतकं."

लखीरामनं स्वतःचा तळहात पाहिला. हुकानं घट्टे पडलेला, तुरीचं पोतं झेलणारा. मग तो खाली ठेवला.

सुई त्यानं कामासारखी शिकून घेतली. रोज एकाच खांद्यावर ओझं घेतलं तर खांदा निबर होतो, हे त्याला ठाऊक होतं. सुईचंही तसंच निघालं. आज पोट, उद्या मांडी, परवा दंड. जागा बदलत राहायची. तांड्यात तेव्हा फ्रिज नव्हता. मानीबाई ओल्या रेतीत मडकं पुरून त्यात औषध ठेवी आणि रेती वाळू देत नसे. ही मेहनत दिसत नाही. रेती ओली आहे म्हणून कोणी शाबासकी देत नाही.

तीजेचे दिवस आले. पोरी टोपल्यांत गहू पेरून त्याभोवती नाचतात, तशी बबिताही नाचत होती. सुई घेतली होती आणि नाचायच्या नादात जेवण राहून गेलं होतं. एकाएकी ती थरथरली, डोळे एका जागी ठरले, तोंडातून असंबद्ध शब्द यायला लागले. म्हाताऱ्या सुखीबाईनं हात जोडले. "देवी आली व, देवी आली!" बायांनी कुंकू लावलं, पाया पडल्या आणि प्रसादाचा गूळ तिच्या तोंडात भरला. घटकाभरात पोर उठून बसली आणि पाणी मागू लागली. देवी शांत झाली म्हणून सगळा तांडा खूश.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे कळलं, तेव्हा ते हसले नाहीत. शुगर खाली गेली होती, म्हणाले, बायांनी गूळ दिला नसता तर पोर हातची गेली असती.

तेव्हापासून तांड्यात रिवाजच पडला. ज्याच्या-त्याच्या खिशात, कनवटीला, ओढणीच्या गाठीत गुळाचा खडा. बबिताची नजर ठरली की जो जवळ असेल त्यानं तो तिच्या तोंडात घालायचा. सुखीबाई अजूनही आधी हात जोडते. "देवी असो का शुगर," ती म्हणते, "नमस्कारानं कोणाचं बिघडत नाही."

धावजी लखीरामला चिडवायचा. "हमाली सोड अन् मुंग्या पाळ. तुया सदऱ्यामागं वरातच चालते."

बबिता मोठी झाली. ब्लाउज शिवायला शिकली. हात असा बसला की नेरहून बाया माप द्यायला तांड्यावर येत. "सुईच माही सोबतीण," ती म्हणायची. "एक टोचते, एक पोसते." लग्नाचे पाहुणे आले, गेले. शेवटी तीच म्हणाली, "बा, मले नेणाऱ्याच्या खिशात आधी गुळाचा खडा पायजे. पाहा, कोणाच्या खिशात निघते का." पुढच्या पाहुण्यांच्या खिशांकडे लखीरामनं खरंच निरखून पाहिलं. तंबाखू निघाली, फोन निघाले. तो विषय मग घरात निघाला नाही.

खरं संकट पुढं आलं. इतकी वर्षं शुगर खाली जायच्या आधी अंग इशारा द्यायचं. थरथर, घाम, भूक. हळूहळू तो इशाराच बंद पडला. बबिता बोलता बोलता, शिवता शिवता बेशुद्धीत जायची आणि तिला कळायचंही नाही. एकदा मशीन चालू असताना तसंच झालं. सुई बोटातून आरपार.

त्या दिवसानंतर लखीराम बाजारात गेला नाही. हुक खुंटीला लटकवला आणि मशीनजवळ बसला. तिच्याकडे टक लावून पाहिलेलं तिला आवडत नसे, म्हणून तो दोऱ्या वळायचा आणि मशीनचा आवाज ऐकायचा. पायडलची लय एकसारखी असली की ठीक. लय लंगडली की हा उठला. बहुतेक वेळा तो बरोबर असे. एखादे वेळी नुसता दोरा तुटलेला असे, आणि बबिता म्हणे, "बा, मी हाय अजून. बसा."

मग किडन्या गेल्या. पाय सुजले, घास नकोसा झाला. ठरलेल्या वारी यवतमाळला जाऊन रक्त धुऊन आणायचं. येताना ती एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायची आणि लखीराम तिच्या मनगटावर बोट ठेवून बसायचा.

तिथल्या डॉक्टरांनी एक दिवस दोघांना समोर बसवलं. "नुसती किडनी बदलून भागणार नाही. तीच शुगर नवी किडनीही खाईल. किडनी आणि स्वादुपिंड, दोन्ही एकदम बदलतात. साधलं तर डायलिसिसही सुटेल आणि सुईही."

लखीरामनं सदरा वर केला. "माहं घ्या. आजच्या आज."

"काका, तुमचं वय झालं. आणि स्वादुपिंड जिवंत माणसाचं आम्ही घेत नाही. मेंदू मेलाय पण यंत्राच्या श्वासावर हृदय चालू आहे, अशा माणसाचं घेतात. घरच्यांनी दिलं तरच."

लखीरामनं सदरा खाली केला.

नागपूरच्या एका दवाखान्यात बबिताचं नाव लागलं. सरकारी मदत, एक ट्रस्ट, तांड्याची वर्गणी, असं करून खर्चाचं जमलं. आता फक्त वाट पाहायची. फोन चोवीस तास चालू, पिशवी भरलेली, आणि धावजीचा मुलगा बादल गाडी घेऊन तयार.

वाट पाहणं हे सगळ्यात जड काम. त्याला धरायला कोपरा नसतो. मानीबाई रोज सेवालाल महाराजांच्या देवळात जायची आणि रिकामी परत यायची.

"काय मागतलं?" लखीरामनं एकदा विचारलं.

"काय मागू?" ती म्हणाली. "कोणाचं तरी पोर जावो, असं मागू? हात जोडून उभी राह्यते. तोंडातून काही निघत नाही."

लखीरामनं भरलेली पिशवी पुन्हा एकदा तपासली.

पहिला फोन आला तेव्हा सगळे धावले. नागपूरला पोहोचले, रक्त दिलं, थांबले. मग कळलं, अवयव तपासला तर तो वापरण्याजोगा निघाला नाही. परत फिरले. वाटेत बबिताच हसून म्हणाली, "खाली फेरी झाली, बा. रिकाम्या पाठीनं चाललो."

"खाली फेरीलेबी मेहनत तेवढीच लागते," लखीराम म्हणाला. "रस्ता तं पायला."

दुसरा फोन कापसाच्या दिवसांत आला, सकाळी, भाकरी तव्यावर असताना. दवाखान्यातली केतकी बोलत होती. अवयव देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांच्या मधे उभं राहायचं, हेच तिचं काम. शहरातली मुलगी, बोलणं स्वच्छ आणि भरभर. "निघा लगेच. बबिताताईंना काही खायला देऊ नका. पोट रिकामं हवं."

भाकरी तव्यावरच राहिली. गाडी धामणगावाजवळून समृद्धी महामार्गावर चढली. पुढे बादल आणि मानीबाई, मागे बापलेक. बबिता बोलत होती. नागपूरला पहिल्यांदा गेलतो तेव्हा किती मोठ्ठा पूल दिसला होता, ते सांगत होती. सांगता सांगता तिनं पूल हा शब्द दोनदा म्हटला. मग परत एकदा. वरच्या ओठावर घामाचे थेंब.

सकाळची सुई घेतलेली. पोटात घास नाही.

लखीरामचा हात खिशात गेला आणि तिथंच थांबला. पोट रिकामं हवं, असं सांगितलं होतं. गूळ दिला तर ऑपरेशन हातचं जातं की काय? नाही दिला तर? मुठीत गूळ वितळायला लागला.

"काहून थांबले?" मानीबाई पुढून ओरडली. "द्या ना!"

"फोन लाव बादल! त्या ताईले लाव!"

केतकीनं एका वाक्यात निकाल दिला. "काका, आधी गूळ. थोड्या पाण्यात विरघळवून, शुद्धीत आहे तोवर. डॉक्टरांना मी सांगते. अवयव यायला अजून वेळ आहे."

तिचं वाक्य संपायच्या आत गुळाचं पाणी बबिताच्या ओठाला लागलं होतं. काही मैलांवर तिचे डोळे हलले. "बा," ती म्हणाली, "हात लय चिकट झाला तुमचा."

बादलनं आरशात मागं पाहिलं. आता त्याला कंठ फुटला. "बबीदीदी, पुलाचं पुढं सांग. पाठ झाला मले तो पूल."

नागपूरच्या दवाखान्यात आत नेण्याआधी डॉक्टरांनी कागदावर पोट काढून दाखवलं. नवं स्वादुपिंड खाली उजवीकडं बसतं, किडनी डावीकडं. पायाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडायचं, स्वादुपिंड आतड्यालाही जोडायचं.

"अन् जुनं?" लखीरामनं विचारलं. "ते कुठं टाकता?"

"जुनं काढत नाही. ते तिथंच राहतं. अन्न पचवायचं थोडं काम ते अजूनही करतं."

लखीरामला हे फार बरं वाटलं. म्हाताऱ्या हमालाला बाजारातून हाकलायचं नाही. झाडाखाली बसू द्यायचं, झेपेल ते करू द्यायचं. तो बबिताला म्हणाला, "पाय, जुन्याचीबी इज्जत ठेवतेत हे लोक."

"मंग तुमाले कायले भेव?" ती म्हणाली, आणि स्ट्रेचर आत गेलं.

दार लागलं. बाहेरच्या बाकावर मानीबाई ओढणीचं टोक पिळत बसली. लखीराम भिंतीला टेकून उभा राहिला. बस म्हटलं तर म्हणाला, "ओझं चालू हाय. बसून कसं जमन?" आतले लोक उभे होते. आपण बसायचं नाही, एवढंच त्याच्या हातात होतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. लखीरामनं आधी तो वळ पाहिला. या माणसानं कसूर केलेली नाही, हे त्याला कळलं.

"दोन्ही बसवलं. किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं."

"म्हणजे घेतलं?"

डॉक्टरांना प्रश्न समजला. "अजून तसं म्हणता येत नाही. सुरुवातीचे दिवस अवघड असतात. रक्ताची गुठळी होऊ शकते. शरीर परकं समजून झिडकारू शकतं. आपण पाहू."

लखीरामनं मान हलवली. वजन बसायच्या आत न बोलणारा माणूस त्याला आवडला.

दुपारी केतकी भेटली. त्यानं तिला जिन्याशी गाठलं. "ताई, कोणाचं होतं ते?"

"काका, ते सांगता येत नाही. नियम आहे. त्यांनाही तुमचं नाव सांगत नाही."

"नाव नोका सांगू. बाई का माणूस, तेबी नोका सांगू. तुमी त्यायले पायलं ना?"

"हो. पाहिलं."

"मंग माहा एक निरोप द्या त्यायले. आत्ता नाही. डॉक्टर म्हणतीन तवा. 'घेतलं' म्हणा. बस, तेवढंच."

तिला काही कळेना. मग त्यानं पोत्याचा कायदा सांगितला. शब्द ऐकू येईपर्यंत देणारा हात सोडत नाही. "ते लोक घरी गेले असतीन, ताई. जाळून-पुरून आले असतीन. पण त्यायचा हात अजून पोत्यालेच हाय. कोणी सांगतलंच नाही त्यायले."

केतकीनं हातातली फाईल छातीशी धरली. "त्यांनी विचारलं तर नक्की सांगेन. आपण होऊन फोन करून जखम उघडायची नाही, असा आमचा नियम आहे. त्यांनी अजून विचारलेलं नाही, काका."

"बराबर हाय," लखीराम म्हणाला. नियम त्याला पटला. पण मन भरलं नाही.

बबिताची शुगर पहिल्या दिवसापासून सुईशिवाय ताळ्यावर होती. तास-तासाला बोट टोचून पाहत. मग एका सकाळी आकडा चढला. परत टोचलं, अजून चढला. सिस्टर पळाल्या. बबिताला पलंगासकट तपासायला नेलं. गुठळी झाली असेल तर नवं स्वादुपिंड मेलं, काढून टाकावं लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं.

मानीबाईनं लखीरामचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिनं त्याचा हात कधी धरला नव्हता.

पलंग परत आला. डॉक्टर सोबतच होते. "रक्त छान वाहतंय. गुठळी नाही. शरीरानं झिडकारू नये म्हणून जे औषध देतोय, त्यानं साखर थोडी वाढते. उतरेल."

उतरली. बबिता मास्कच्या आडून आईला म्हणाली, "याडी, सोड त्यायचा हात. सारे पाहून राह्यले."

सुट्टी झाली तरी तपासण्यांसाठी नागपुरातच राहावं लागलं. एका खोलीत तिघं. गोळ्या वेळच्या वेळी, मास्क, उकळलेलं पाणी. या गोळ्या जन्मभराच्या. सुई सुटली, पण शिस्त सुटली नाही. मानीबाईला त्याचं काही वाटलं नाही. ओल्या रेतीची सवय होती.

तांड्यावर परतायच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "उत्तम चाललंय. बेतानं सगळं खा. गोडही."

लखीराम पुढं झाला. "घेतलं?"

डॉक्टर आता हसले. "घेतलं, काका. जपा मात्र."

तांड्यावर लोक लांबूनच भेटले, बबिताच्या जवळ गर्दी करायची नव्हती. बायांनी ओवाळलं ते हात लांब करून. लखीराम मात्र पुढ्यातलं ताट बाजूला सारत होता. शेवटी तो तांड्याचा कारभार पाहणाऱ्या नायकाकडं गेला आणि लिंबाखाली लोक जमले.

"आपल्या घरी माणूस मेलं," लखीराम म्हणाला, "अन् आपण तिसऱ्याचा चुरमा केला नाही."

"कोण मेलं?" नायक दचकला.

"ज्याच्या पोटातलं काढून बबीले दिलं, ते."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. तिसऱ्या दिवशी गव्हाच्या पोळ्या कुस्करून, गूळ-तूप घालून चुरमा करतात, निखाऱ्यावर त्याचा भोग देतात आणि मेलेल्याच्या घरचे तो खातात. पण तो घरच्यांनीच खायचा असतो.

"त्याचं गोत कोणतं?" नायकानं विचारलं. "पवार असन तं भाऊबंद. राठोड असन तं पावणा."

"माईत नाही."

"आपल्यातला तरी होता का?"

"बाई होती का बाप्या, तेबी माईत नाही."

"अबे, मंग चुरमा कोणाच्या नावानं करायचा?" धावजी म्हणाला. "डॉक्टरनं सांगतलेल्या पेरूच्या?"

दोघं-तिघं हसले. मागून सुखीबाईची काठी जमिनीवर आपटली.

"तुमी गोतच घेऊन बसा. मले एक सांगा, ते आता कुठं हाय?"

"बबीच्या पोटात."

"मंग? पोटात राह्यलं ते घरचं. बाईले हे शिकवा लागत नाही."

हसणं थांबलं. नायकानं दाढी खाजवली. "पण काकी, तिसरा दिवस तं कवाच गेला."

"ऊसतोडीवर गेलेलं माणूस तिकडंच मेलं अन् खबर उशिरा आली, तं तिसरा कुठून धरतो आपण?"

"खबरीपासून."

"धरा मंग."

"काकी," लखीराम म्हणाला. खोटं त्याला चालणार नव्हतं. "खबर तं मले तवाच होती. फोनवर."

"ते खबर आपल्या पोरीची होती रे. त्या मेलेल्याची खबर तू आज आणली. आज पयल्यांदा कोणी म्हटलं, की कोणाचं तरी माणूस गेलं."

लखीराम खाली बसला. दवाखान्यात बस म्हटलं तरी तो बसला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मानीबाईनं पोळ्या केल्या. या घरात गूळ औषधांच्या डब्यात राहायचा. सण आला की गोड शेजारी शिजे. आता तिनं परातीत पोळ्या कुस्करल्या, वरून तूप सोडलं, आणि गुळाच्या ढेपेवर हात ठेवून थांबली.

"टाक ना, याडी," बबिता म्हणाली.

"हात उठत नाही व."

बबितानं स्वतः गूळ फोडला.

अंगणात निखारे फुलले होते. तांडा लांब गोल करून बसला. नायकानं तूप सोडलं, लखीरामनं चुरम्याची चिमूट निखाऱ्यावर ठेवली. गोड धूर वर गेला. आता घरच्यांनी खायचं.

मानीबाईनं खाल्लं. लखीरामनं खाल्लं. बबितानं मास्क हनुवटीखाली ओढला, घास हातात घेतला आणि तो हातातच राहिला. दुखणं लागल्यापासून गूळ तिनं खाल्ला होता, पण पडताना. अर्धवट शुद्धीत, कोणाच्या तरी बोटानं, मरणाच्या काठावर. सगळं ठीक असताना, सुईवाचून, आपल्या हातानं तिनं तेव्हापासून गोड कधी तोंडात घातलं नव्हतं. तिचा हात थरथरला.

लखीराम झटकन तिच्याशेजारी आला आणि त्यानं तिचं कोपर धरलं.

"शुगर नाही, बा," ती हळू आवाजात म्हणाली. "भेव हाय."

"मालूम हाय. दोन्हीतला फरक समजते मले."

तिनं घास तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. तांड्यात कोणी हललं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चावत होती. मग तिनं दुसरा घास घेतला. हा कुणाच्या सांगण्यावरून नव्हता.

थोड्या वेळानं साखर मोजायला बोट टोचलं. बबितानं आकडा पाहिला आणि बापापुढं धरला. साध्या माणसाचा असतो तसा आकडा होता.

लखीराम निखाऱ्यांकडे वळला. आता तो शब्द बोलायचा होता. त्यानं तोंड उघडलं. आणि त्याच वेळी त्याच्या ध्यानात आलं, की हा शब्द आपला नाहीच. कायद्यानं बोलायचं ते घेणाऱ्यानं.

बबिताला ते सांगावं लागलं नाही. हमालाच्या घरात वाढलेली पोर. तिनं पाय रोवले, उजव्या कुशीवर तळहात ठेवला आणि धुराकडं पाहून, बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"घेतलं!"

धूर सरळ वर गेला. सुखीबाईनं हात जोडले. मानीबाईनंही जोडले, आणि या वेळी तिचे ओठ हलत होते.

गोल मोडून लोक उठायला लागले. लखीराम तसाच उभा होता, लेकीचं कोपर धरून. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"बा. घेतलं म्हटलं मी."

"ऐकलं."

"ऐकलं तं मंग सोडत काहून नाही बे?" धावजी मागून म्हणाला. "कायदा तूच शिकवला ना साऱ्या बाजाराले?"

लखीरामनं हात सोडला. हलकेच सोडला, पोतं ठेवायचा तसा. बबिता चार पावलं चालत ओट्याशी गेली, मशीनवरचं फडकं काढलं आणि पायडलवर पाय ठेवला.

मोकळा हात कुठं ठेवावा हे त्याला सुचेना. सवयीनं तो खिशात गेला. खडा तिथंच होता, सदऱ्याला चिकटलेला. त्यानं तो सोडवून काढला, वरची एक मुंगी फुंकून दिली, आणि गूळ आपल्याच तोंडात टाकला.